अर्ध्यावर कापलेली साक्ष

काचवालीला बोका कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर ऐकणारे भलतंच काहीतरी मनात आणतात. बोका म्हणजे तिच्या नवऱ्याचा काचेच्या दुकानातला भागीदार. दुसऱ्याच्या डब्यात न विचारता हात घालायची त्याला सवय, म्हणून हे नाव तिनेच ठेवलेलं आणि अख्ख्या गल्लीने ते उचललेलं. बोलताना तोंडात शिवी, बसताना पाय टेबलावर, आणि गिऱ्हाईक बाई असली की आवाज उगाच गोड. "तुम्हाला जगात दुसरा माणूस नाही मिळाला?" असं ती नवऱ्याला नेहमी विचारायची. नवरा हसायचा. "मिळतील की ढीगभर. पण काच धरायला हाच लागतो," म्हणायचा.

एकदा काम उरकायला नवरा रात्री दुकानातच थांबला आणि सकाळी तिथे मरून पडलेला सापडला. मानेवर काचेचा घाव होता. बोक्याला त्याच दिवशी धरलं, खटला उभा राहिला आणि जन्मठेप झाली. गल्ली मोकळी झाली. सासू त्या दिवशी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली आणि जेवल्या जागी तिला झोप लागली. धाकटा दीर भेटेल त्याला सांगत सुटला, "भाऊ काही परत येत नाही, पण निदान न्याय तरी झाला." काचवालीलाही तसंच वाटायला हवं होतं. वाटलंही असतं. पण न्यायाधीश निकाल वाचत होते तेव्हा ती पुढच्याच बाकावर बसली होती, आणि तिचे कान चांगले शाबूत होते.

"मृताच्या पत्नीने स्वतः मान्य केले आहे की आरोपी आणि मृत यांच्यात रोज भांडण होत असे."

मान्य केले म्हणे! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. साक्षीच्या वेळी सरकारी वकिलाने विचारलं होतं, "दोघांची भांडणं व्हायची?" ती म्हणाली होती, "रोज. पण त्याचं काय आहे..." तेवढ्यात वकील म्हणाला, "बस्स. आभारी आहे," आणि तिला खाली बसवलं. बोक्याच्या वकिलानेही पुढे काही विचारलं नाही. त्याला बहुतेक जेवायला उशीर होत होता. नवऱ्याला जाऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. उठ म्हटलं की ती उठत होती, बस म्हटलं की बसत होती. 'त्याचं काय आहे' च्या पुढचं सगळं तिच्या घशातच राहिलं.

त्याचं असं होतं. मोठी काच एकट्याने उचलता येत नाही. एकाने पुढची बाजू धरायची आणि उलटं चालायचं, दुसऱ्याने मागून सांभाळत न्यायचं. उंबरा, पायरी, रस्त्यावर आडवी बसलेली कुत्री, सगळं एकमेकांच्या भरवशावर. हाताची पकड सैल झाली तर डोळ्यांना कळायच्या आधी काच खाली येते. म्हणून हे दोघं सारखे ओरडत राहायचे. आणि नुसतं ओरडून बोक्याचं भागायचं नाही. "हात सोडलास तर जीव घेईन तुझा!" बोका म्हणायचा. "आधी तुला पुरतो, मग सोडतो!" नवरा म्हणायचा. आईबाप, खानदान, कुणाला सोडायचे नाहीत. नवं गिऱ्हाईक घाबरून दारातच थांबायचं. काचवाली गल्ल्यावर बसल्या बसल्या म्हणायची, "या, आत या. कुणी मरत नाहीये."

आवाज चढलेला असला म्हणजे सगळं ठीक. शिव्या थांबल्या की समजायचं, गडी दमला, काच टेकवा. आणि दोघांचं खरोखर बिनसायचं ना, तेव्हा दुकानात स्मशानशांतता. मग कुणी मोठ्या काचेला हात लावायचं नाही. फोटोच्या चौकटी, आरसे, असलं किरकोळ काम दोघं दोन कोपऱ्यांत बसून करायचे. एकदा नवऱ्याने बोक्याच्या बहिणीच्या लग्नाला जायचं टाळलं, तर किती तरी दिवस दुकानातून हूं की चूं नाही, आणि दारांच्या मोठ्या काचा मागच्या लाकडी घोडीला टेकून धूळ खात पडल्या.

आता समोरच्या घड्याळवाल्याने कोर्टात शपथेवर सांगितलं होतं, की त्या संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या सुमारास त्याने बोक्याला 'जीव घेईन' म्हणताना ऐकलं. ऐकलंच असेल. घड्याळवाला खोटं बोलणारा माणूस नाही. पण त्या ओरडण्याचा अर्थ एवढाच, की दोघं मिळून मोठी काच हलवत होते आणि दोघांचं व्यवस्थित चाललं होतं. पुढे काय झालं ते घड्याळवाल्यालाही माहीत नाही आणि कोर्टालाही नाही.

बरं, दुसरा पुरावा काय, तर मानेला लागलेल्या काचेच्या तुकड्यावर बोक्याचं रक्त सापडलं. अहो, काचेच्या दुकानात काय सापडणार, अत्तर? बोक्याच्या बोटांना कायम चिंध्या बांधलेल्या. त्याचं रक्त टेबलावर होतं, दाराच्या कडीवर होतं, पाण्याच्या माठावर होतं. शोधलं असतं तर काचवालीचंही सापडलं असतं. पोलिसांनी तो एक तुकडा तेवढा पुडीत घातला आणि बाकीचं दुकान दिराला धुऊन काढायला सांगितलं. मागचं दार ढकललं की उघडत होतं, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आणि तिसरा पुरावा म्हणे, रात्री कुठे होता ते बोक्याला सिद्ध करता आलं नाही. घरी झोपलो होतो, म्हणाला. एकटा राहणारा माणूस. झोपायला साक्षीदार घेऊन कोण जातं?

हे सगळं तिच्या डोक्यात घुमत असतानाच वरच्या कोर्टात बोक्याची बाजू घेतलेली वकीलबाई घरी आली. तरुण, चष्म्यातली, बोलताना समोरच्याला बोलू देणारी. "ताई, तुमची साक्ष मी वाचली. तुम्ही 'पण' म्हणालात आणि पुढे काहीच नाही. पुढे काय म्हणायचं होतं?"

काचवालीने सांगितलं. वकीलबाईने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "हे तुम्ही कोर्टात सांगाल? मी तुम्हाला पुन्हा बोलवण्याची परवानगी मागते."

पडद्यामागे उभा असलेला दीर बाहेर आला. "वहिनी, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? ज्याने माझ्या भावाला मारलं त्याच्या बाजूने उभ्या राहणार?"

"मी कुणाच्या बाजूने उभी राहत नाहीये, भाऊजी. माझं बोलणं अर्धवट राहिलंय, ते पुरं करणार आहे."

"तो निर्दोष आहे असं वाटतं तुम्हाला?"

"मला काय ठाऊक? केलंही असेल. त्या मेल्याचा काही भरवसा नाही."

"मग?"

"मग दाखवा ना केलंय ते! शिव्या दिल्या म्हणून माणूस खुनी ठरत असेल, तर तुमचे भाऊ आधी आत गेले असते. माझा नवरा काही बेवारस नव्हता, की हाताशी सापडला त्याच्या नावावर त्याचा खून खपवून मोकळं व्हावं."

दीर लाल झाला. "आईकडे बघा जरा. ती आत्ता कुठे झोपायला लागली आहे. तिची झोप उडवणार तुम्ही?"

हा घाव मात्र वर्मी बसला. आतल्या खोलीत सासू भिंतीकडे तोंड करून पडली होती. झोपली नव्हती, तिच्या पाठीवरून कळत होतं. या म्हातारीनेच लग्नानंतर काचवालीला गल्ल्यावर बसवलं होतं, "घरात कुढत बसू नकोस, चार माणसांत बस" म्हणून. तिचं ऋण डोक्यावर होतं. त्या रात्री आणि पुढच्या कित्येक दिवसांत काचवाली स्वतःशी भांडली. गप्प बसलं तर घर शांत, गल्ली खूश, म्हातारी झोपते. बोका तुरुंगात, त्याच्यासाठी रडणारं कोण? पण नवऱ्याची आठवण आली की पाठोपाठ ते 'मान्य केले आहे' कानात वाजायचं आणि तिचा संताप व्हायचा. तिच्या तोंडचा शब्द तिच्या परवानगीशिवाय कुणीतरी भिंतीत चिणला होता आणि त्या भिंतीमागे एक माणूस कोंडला होता. तिने वकीलबाईला होकार कळवला. दिराने त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं टाकलं. सासू ताटातलं निम्मं जेवण तसंच टाकायला लागली.

वरच्या कोर्टात तिला पुन्हा उभं केलं. बोका पिंजऱ्यात होता, वाळला होता. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. वकीलबाईने विचारलं तसं तिने सगळं सांगितलं, शिव्यांसकट. एकदोन शिव्या ऐकून टंकलेखकाचे हात थांबले. "लिहा की," ती म्हणाली, "मागच्या वेळी अर्धंच लिहिलंत."

सरकारी वकील उठला. "बाई, आरोपीशी तुमचे संबंध कसे होते?"

"वाईट. मला तो बघवत नाही."

"तरी तुम्ही त्याला वाचवायला आलात?"

"वाचवायला कोण आलंय? माझ्या नवऱ्याला कुणी मारलं, हे मला पाहिजे. तुम्ही मला त्याऐवजी बोका दिलात."

"म्हणजे तुमच्या मते त्याने खून केला नाही?"

"पुन्हा तेच! तुम्ही मला अर्धं बोलायला लावू नका. मी म्हणते, मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. फरक एवढाच, की मी ते कबूल करते."

कोर्टात कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी हात वर केला, मग तिच्याकडे बघत विचारलं, "त्या संध्याकाळी त्यांच्यात खरं भांडण झालं नसेल, असं तुम्ही खात्रीने सांगू शकता?"

तिला हो म्हणता आलं असतं. एका 'हो'त सगळं सोपं झालं असतं, वकीलबाई त्याचीच वाट बघत होती. "नाही साहेब," ती म्हणाली. "मी तेव्हा घरी होते. खात्रीने एवढंच सांगते, की त्या ओरडण्यावरून काहीच ठरत नाही." वकीलबाईने ओठ आवळले. पण काचवालीला पहिल्यांदाच छाती भरून श्वास घेता आला.

निकाल लागायला बराच काळ गेला. पुरावा पुरेसा नाही, शिक्षा रद्द. न्यायालयाच्या पायऱ्यांवर बोका तिच्यासमोर आला. तोंडात शिवी नसलेला बोका तिने पहिल्यांदाच बघितला. त्याने हात जोडले.

"खाली कर ते हात," काचवाली म्हणाली. "तू केलं नाहीस असं मी कुठेही म्हटलेलं नाही. केलं असशील तर मी तुला सोडणार नाही."

"आणि नसेल केलं तर?"

"तर तूही माझ्याइतकाच शोधत असशील, कुणी केलं ते." ती पायऱ्या उतरून चालू लागली.

गल्लीत बातमी तिच्या आधी पोहोचली होती. घड्याळवाल्याने मान फिरवली. शेजारणीने दार लावून घेतलं, ते जरा जास्तच जोरात. दीर ओट्यावर उभा होता. "झालं समाधान?" एवढंच म्हणाला आणि तिला वाट द्यायलाही सरकला नाही, ती अंग चोरून आत गेली.

सासू पलंगावर उठून बसली होती. केस विस्कटलेले, डोळे कोरडे. "म्हणजे आता," ती म्हणाली, "माझ्या मुलाला कुणीच नाही मारलं?"

काचवालीने याचं उत्तर वाटेत हजारदा जुळवलं होतं. ते सगळं तिने सोडून दिलं. ती पलंगाच्या कडेला बसली. "मारलंय, आई. कुणी ते माहीत नाही."

"मी रोज त्या बोक्याचं तळपट होवो म्हणायचे. तेवढं म्हटलं की झोप लागायची. आता कुणाचं म्हणू?"

"माहीत नाही."

"तुला लागते का झोप?"

"नाही, आई. निकाल लागला तेव्हापासून नाही. पहिला निकाल."

म्हातारीने पलंगावरून पाय खाली सोडले. मग तिने ओट्यावरच्या मुलाला हाक मारली, "अरे, माझी चप्पल दे आणि काठी दे."

"आता कुठे निघालीस?"

"पोलिसांकडे."

"आई, उन्हात? आणि त्यांना काय सांगणार तू?"

"सांगणार काय, विचारणार आहे. ही एकटी विचारते म्हणून लोक हिला वेडी म्हणतात. दोघींना काय म्हणतात बघू."

पोलीस ठाण्यात दुपारचा पंखा फिरत होता. टेबलामागच्या अधिकाऱ्याने दोघींना ओळखलं, त्याचा चेहरा पडला. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "आजी, ते प्रकरण संपलं हो आता."

"कुणी संपवलं?" सासूने विचारलं, आणि समोरची खुर्ची ओढून ती बसली. काचवालीने तिच्या शेजारची ओढली.