रिकामा खळगा

"सत्य कधी झाकून राहत नाही. अंधारातही ते स्वतःच्या तेजाने उजळून निघतं," सर म्हणाले. शेजारच्या मशीनने हे इतकं मनावर घेतलं की जे उजळायला हवं होतं ते उजळलंच, आणि जे मुळीच उजळायला नको होतं तेही.

मशीनच्या पडद्यावरचे आकडे काजवाबाईने बोट ठेवून ठेवून पाहिले.

काजवाबाई हे तिचं प्रयोगशाळेतलं नाव, सर तिचे पीएचडीचे मार्गदर्शक. पेशी उपाशी राहिली की तिच्यातलं एक ठरावीक जनुक जागं होतं, हा तिचा सिद्धांत. पण जनुक जागं झालेलं दिसणार कसं? म्हणून तिने त्याचं बटण तेवढं उचलून काजव्याच्या प्रकाशाच्या जनुकाला जोडलं आणि ती जोडगोळी पेशींत सोडली. बटण दाबलं गेलं की पेशी उजळणार. पेशी प्लास्टिकच्या प्लेटमधल्या छोट्या खळग्यांत रांगेने भरायच्या, आणि कुठला खळगा किती उजळला ते मशीन आकड्यांत सांगणार. अशा चुगलखोराला शास्त्रात रिपोर्टर जनुक म्हणतात. आईला तिने सोपं करून सांगितलं होतं, "आपल्या आत्यासारखं गं. स्वतः काही करत नाही, पण कुणाच्या घरात काय शिजतंय ते हिच्या चेहऱ्यावर आधी दिसतं." आईला ते लगेच पटलं. "मग एवढी वर्षं कशाला घालवलीस? आत्यालाच न्यायचं होतंस," असंही ती म्हणाली.

आज बाहेरचे परीक्षक आले होते. प्रबंध वाचून त्यांनी कळवलं होतं, लिहिलंय छान, एकदा डोळ्यांनी बघतो, मग सही करतो. तिकडे बाबांनी मुलगी डॉक्टर झालीच असं इतक्या जणांना सांगून ठेवलं होतं, की शेजारचे काका गुडघा दाखवायला दोनदा येऊन गेले होते.

"ही वरची रांग उपाशी पेशींची ना?" परीक्षकांनी विचारलं.

"हो."

"आणि ही खालची जेवलेल्यांची?"

"हो, पोटभर."

"मग या का बोंबलतायत?"

"थोडंफार असतंच तसं," सर म्हणाले.

"थोडंफार कसलं? जेवलेलेच जास्त ओरडतायत. लग्नघरात बघितलंय मी असं, पण प्रयोगशाळेत नाही."

सर हसले. काजवाबाईला हसू येईना. रांगा उलट्या भरल्या का? की या पेशी पहिल्यापासून अशाच उजळत होत्या आणि आपणच वेड्यासारखं त्यावर प्रबंध लिहीत बसलो? "परत वाचते," ती कसंबसं म्हणाली.

मशीनने परत वाचलं. सगळेच आकडे थोडे उतरले होते, पण खालची रांग काही गप्प बसेना. तेवढ्यात तिची नजर कोपऱ्यातल्या शेवटच्या खळग्यावर गेली. त्यात तिने काहीच घातलं नव्हतं. पेशी नाही, रसायन नाही, पाण्याचा थेंब नाही. आणि तोही उजळत होता. रिकाम्या खळग्याला कसली आलीय भूक?

म्हणजे पेशी नव्हे, प्लेटच उजळत होती.

पांढरं प्लास्टिक प्रकाश पितं आणि मग थोडा वेळ अंधारात तो ओकत बसतं. म्हणून तर प्लेट नेहमी फॉइलमध्ये गुंडाळून मशीनपर्यंत आणायची. तिने आणलीही होती. पण दारातच सरांनी फॉइल काढलं, परीक्षकांना आणि तिला खिडकीपाशी उभं केलं आणि शिपायाकडून फोटो काढवून घेतला. "जरा तिरकी धर, उन्हात चमकली पाहिजे," असंही वर म्हणाले. तिने खालची रांग उन्हाकडे करून प्लेट तिरकी धरली. पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेतं?

आता बोलावं तर सर गेले, न बोलावं तर पदवी गेली.

"सर, मघाशी आपण फोटो काढला ना. उन्हात."

"मग? छान आलाय."

"प्लेटने ऊन प्यायलंय, सर. ते उतरेपर्यंत सगळंच उजळणार."

परीक्षक खिडकीकडे बघत म्हणाले, "म्हणजे पेशी निर्दोष, फोटो गुन्हेगार."

सरांचा चेहरा लाल झाला. "दिवे घालवा," ते म्हणाले.

"सर, मशीनचं झाकण बंदच आहे. आतला अंधार पुरे."

"घालवा म्हणतो ना. आता हलगर्जीपणा नको."

खिडकीचे पडदे ओढले, दिवे घालवले, मशीनच्या पडद्याचाही उजेड नको म्हणून त्यावर सरांनी स्वतःचा कोट टाकला. तिघं काळोखात मशीनला खेटून उभे राहिले. फक्त मशीनची घरघर. पेशींना उजळवणारं रसायन तासभर टिकतं, ती मनाशी घोकत होती. पण प्लास्टिक उतरल्यावरही खालची रांग उजळलेलीच राहिली तर? मग पदवीही नाही आणि सरही नाहीत.

"सर, वाचू?"

"थांब."

"सर, आता?"

"थांब गं. ऊन उतरू दे."

शेवटी तिने बटण दाबलं. सरांनी कोट उचलला. रिकामा खळगा जवळजवळ शून्यावर आला होता. जेवलेली रांग तळाला जाऊन झोपली होती. आणि उपाशी पेशी, एकूण एक, ठणठणीत उजळत होत्या.

काजवाबाईला एकदम स्टुलावर बसावंसं वाटलं, पण अंधारात स्टूल सापडेना.

"जीवशास्त्राच्या वाटचालीत असे क्षण," सरांनी घसा खाकरून सुरुवात केली.

"सही करतो मी," परीक्षक मध्येच म्हणाले. "पण त्याआधी एक विनंती आहे."

ती पुन्हा मशीनच्या बटणाकडे वळली.

"सर, दिवे गेल्यापासून तुमचा पाय माझ्या पायावर आहे. तेवढा काढता का?"