गंजू दिलेलं लोखंड

शिल्पानं तिसऱ्या पिंपाचा नळ सोडला, बाटली भरली आणि उन्हात धरली. पाणी पिवळंच होतं, हळद कालवल्यासारखं.

"उतरलं का गं?" केवळाबाईंनी विचारलं.

"न्हाई, माय."

औसा रोडला केवळाबाईंची मेस होती. डॉक्टर व्हायला लातूरला आलेली चाळीस पोरं तिथं दोन वेळ जेवत, आणि सगळा स्वयंपाक दारातल्या विहिरीच्या पाण्यावर व्हायचा. शेजारचा नळांना चकाकी चढवणारा कारखाना वर्षापूर्वी रातोरात बंद झाला. मालक सामान घेऊन गेला, क्रोमियम तेवढं जमिनीत ठेवून गेला. महिन्यापासून विहिरीला पिवळं पाणी आणि मेसला टँकर. परवा पाणी तपासणारे सरकारी साहेब नमुना घ्यायला येणार होते. पाणी खराब निघालं की विहिरीवर लाल फुली, म्हणजे हे पाणी वापरायचं नाही. लोक म्हणत होते, बुजवून टाका. भूकंपात विहिरीचा काठ आत कोसळला तेव्हाही हेच लोक हेच म्हणाले होते. केवळाबाईंनी तेव्हा ऐकलं नव्हतं, आणि वयानं हट्ट कमी होतो असं म्हणणाऱ्यांनी त्यांना पाहिलेलं नाही.

उपाय लेकीचा. शिल्पा क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायची. पिंपांत वाळू आणि लोखंडाचा कीस भरायचा, त्यातून पाणी सावकाश सोडायचं. लोखंड क्रोमियमचं विष मोडतं आणि तिथंच धरून ठेवतं. पुस्तकात सगळं बरोबर होतं. पिंपात मात्र काही केल्या होत नव्हतं.

तेवढ्यात लेथवाला रियाज किसाचं आणखी एक पोतं घेऊन आला. पोत्याचं तोंड सोडलं तर आतला कीस चांदीसारखा चकचकत होता.

"रियाजभाई, हे इतकं चमकून कसं राहिलंय?"

"मग! मावशीच्या पाण्यात गंजका माल टाकू का? पहिल्या पोत्यापासून घमेलं घमेलं तेलात घोळून आणतोय. दहा वर्सं गंज लागायचा न्हाई."

शिल्पानं मूठभर कीस उचलला. बोटं तेलकट झाली.

"भाई, ते गंजलं तरच काम करतंय. तेलानं पाणी लोखंडाला शिवतच न्हाई."

रियाजचा चेहरा उतरला. तीस वर्षं त्यानं गंजाशी वैर धरलं होतं. गिऱ्हाइकाला तांबूस डाग पडलेला बोल्टसुद्धा कधी दिला नव्हता.

"तौबा! म्हणजे मीच घोटाळा केला की."

"रडू नको," केवळाबाई म्हणाल्या. "चूल पेटव."

मेसच्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं, धुण्याचा सोडा पडला. लग्नाची भांडी घासावीत तसा तिघांनी दिवसभर कीस धुतला. संध्याकाळी तो तांबूस पडायला लागला, तेव्हा रियाज तोंड फिरवून उभा राहिला. त्याला ते बघवत नव्हतं.

कीस पुन्हा पिंपांत गेला. साहेब आले त्या सकाळी तिसऱ्या पिंपातून नितळ पाणी येत होतं. साहेबांनी पुडीतली भुकटी टाकून दोनदा तपासलं. क्रोमियम असतं तर पाणी जांभळं झालं असतं. रंग आला नाही.

"मावशी, विहीर वाचली तुमची. प्रदूषण आढळलं नाही, असं लिहितो."

"आन् कारखान्याचं काय?"

"पाणीच चांगलं निघालं, तर त्यांच्यावर तक्रार कशाची? ते प्रकरण मिटलं."

"मग विहिरीतलं बी घ्या. पिंपाच्या आधीचं आन् नंतरचं, दोन्ही लिवा."

"एका विहिरीला एकच रकाना असतो. पिवळं लिहिलं तर फुली मारावी लागेल. फुली बघून तुमच्याकडं जेवायला पोरं कोण पाठवील?"

केवळाबाईंनी कारखान्याच्या कुलूप लावलेल्या फाटकाकडं पाहिलं.

"पलीकडं मलप्पाच्या बोअरला बी पिवळं येऊन राहिलं. त्याच्याकडं कुठं पिंपं हायत? पिवळं लिवा."

"माय!" शिल्पा म्हणाली.

"लिवा म्हणते न्हवं!"

साहेबांनी लिहिलं. सोबतच्या शिपायानं विहिरीच्या काठावर लाल फुली ओढली. रियाज मान खाली घालून पिंपाला टेकून उभा होता. केवळाबाई मात्र रंग संपेपर्यंत शिपायाच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि एक टोक पुसट राहिलं तर तेही त्यांनी दाखवून दिलं.

साहेब जीपकडं वळले.

"सायब, जेवून जा," त्या म्हणाल्या. "लेकरायला अजून टँकरचंच देते. आमच्या घरचा सैपाक पिंपाच्या पाण्याचा हाय."

साहेब थांबले. मग त्यांनी फाईल जीपच्या सीटवर ठेवली, बूट काढले आणि आत येऊन चटईवर मांडी घातली.

"आधी तुमच्या पिंपाचं पाणी द्या," ते म्हणाले.