घरोघरी युद्ध

जनमत कचेरीतल्या मुद्रितशोधकांना सगळे वेलांटीबुवा म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. पस्तीस वर्षांत त्यांच्या तावडीतून एक चुकीची वेलांटी सुटली नव्हती. ही कचेरी दर दहा वर्षांनी निवडक घरांना एक कागद पाठवी. पुढच्या तीस वर्षांत देशाला काय आवडू लागेल आणि काय नकोसं होईल, ते लोकांनी लिहायचं. मग कचेरी टक्के काढी आणि त्या टक्क्यांवरून विद्वान एकमेकांची डोकी फोडत.

यंदा मात्र सातव्या प्रश्नात बुवांचा जीव अडकला होता. ‘तीस वर्षांनी आपल्या देशात घरोघरी वृद्ध असावे, असे आपणांस वाटते का? कारण लिहा.’ निवडलेल्या चाळीस हजार घरांत नेमकं त्यांचंच घर आलं होतं. मुलगा आणि सून महिनाअखेरीला नव्या घरात जाणार होते. बुवांना बरोबर न्यायचं की टेकडीवरच्या वृद्धाश्रमात ठेवायचं, याबद्दल घरात कोणी चकार शब्द काढत नव्हतं, आणि बुवांची विचारायची छाती होत नव्हती. तेव्हा कचेरीचा गुप्ततेचा नियम गुंडाळून ठेवायचा आणि सुनेने भरलेला कागद हळूच बघायचा, असं त्यांनी ठरवलं. माणूस तोंडावर गुळमुळीत बोलतो, कागदावर खरं लिहितो, असा त्यांचा अनुभव.

भरलेले कागद परत येऊन मोजणी झाली त्या दुपारी संचालकबाई बुवांच्या टेबलाशी धापा टाकत आल्या.

“बुवा, सातवा प्रश्न मोठ्याने वाचा.”

बुवांनी वाचायला सुरुवात केली आणि सहाव्या शब्दापाशी ते अडखळले. ‘वृद्ध’च्या जागी ‘युद्ध’ छापलं होतं. घरोघरी युद्ध असावे, असे आपणांस वाटते का!

“बाई, हे माझ्या नजरेतून सुटलंच कसं?”

“शुद्ध लिहिलंय ना! तुम्हाला फक्त अशुद्ध दिसतं.” बाईंनी कपाळाला हात लावला. “आणि पुढचं ऐका. शंभरातले एक्क्याऐंशी म्हणतात, असावे!”

बुवांनी गठ्ठा ओढला. एका बाईने लिहिलं होतं, ‘हो, पण रविवारी सुट्टी हवी.’ एका नवऱ्याने लिहिलं होतं, ‘तीस वर्षं कशाला थांबायचं? आमच्याकडे चालू आहे.’ एका आजोबांचं म्हणणं, ‘बायको गेल्यापासून तह झालाय. करमत नाही.’ कोणा मुलीने तर अख्खं पान भरलं होतं: जेवताना सगळे आपापल्या फोनमध्ये तोंड घालून बसतात, कोणीतरी एकदा तरी ताट आपटावं.

बाई आधी गालातल्या गालात, मग खदाखदा हसायला लागल्या. बुवाही सुटले. टंकलेखिका आली, शिपाई आला, हिशेबनीसही हातातलं काम टाकून आले. जो तो एकेक कागद उचलून मोठ्याने वाचत होता आणि पोट धरून खाली बसत होता. दहा वर्षांपूर्वी ह्याच देशाने एकमुखाने ‘घरात शांतता हवी’ म्हणून सांगितलं होतं. शांतता मिळाली, प्रत्येकाला खोली मिळाली, खोलीला दार मिळालं. आता ते दार कोणीतरी धाडकन उघडावं म्हणून सगळे आत वाट बघत बसले होते.

“चारला बातमीदार येताहेत. काय सांगू त्यांना?” बाईंनी डोळे पुसत विचारलं.

“सांगा, येत्या काळात देश भांडखोर होणार आणि सुखी होणार.”

सगळे पुन्हा हसले. बुवांचं हसू मात्र मध्येच अडलं. त्यांना हवा होता तो प्रश्न तर कोणाला विचारलाच गेला नव्हता. आता सुनेचा कागद बघून काय कळणार? तरीही त्यांना राहवेना. सगळे चहाला गेल्यावर त्यांनी घरक्रमांकावरून तो शोधून काढला. सुनेचं टपोरं अक्षर.

‘हो, असावे. आमच्याकडे सासरेबुवांशी रोज सकाळी पेपरावरून होतं, त्याशिवाय दिवस सुरूच होत नाही. सध्या नवऱ्याशी दुसरी आघाडी उघडली आहे. नव्या घरात सासऱ्यांना मागची शांत खोली द्यावी, असं त्याचं म्हणणं. मी म्हणते, रस्त्याकडची द्या. मागे एकटे पडले तर भांडायला मी कुठे जाऊ?’

बुवांनी ते तीनदा वाचलं. चष्मा पुसला, पण धुकं चष्म्यावर नव्हतंच. मग त्यांनी घरी फोन लावला.

“सूनबाई, मला मागची खोली हवी.”

“अजिबात नाही मिळणार!” ती ताडकन म्हणाली. “आणि तुम्हाला कोणी सांगितलं हो?”

“कोणी का सांगेना. मागचीच हवी.”

“बाबा, घरी या तुम्ही, मग बघते!”

“आलोच,” बुवा म्हणाले, आणि अर्ध्या दिवसाची रजाही न टाकता जिना उतरू लागले.