सोड

"थांब!" सिग्नलवाला वॉकीटॉकीत म्हणाला आणि लोखंडी तुळई दोन पुरुष उंचीवर लटकत राहिली.

क्रेनच्या केबिनमधून खालचं काही दिसत नसे, मध्ये गोदामाची भिंत होती. कानात जो शब्द पडेल तो पाळायचा, एवढंच तिथल्या माणसाचं काम. उचल, थांब, सोड. सोड म्हणजे माल खाली. त्या क्रेनवाल्याला सगळे 'वरचा' म्हणत, आणि 'वरच्याची मर्जी' हा शिळा विनोद यार्डात रोज एकदा तरी व्हायचाच.

तुळई अजून हेलकावत होती. तेवढ्यात एक वेल्डर पडलेला बोल्ट उचलायला नेमका तिच्याखाली येऊन वाकला.

तो सिग्नलवाल्याचा सख्खा धाकटा भाऊ होता. एकाच यार्डात काम, पण आई गेल्यापासून दोघांत शब्द नव्हता. ती धाकट्याकडे असायची. ती गेल्याचा फोन याला दुसऱ्या दिवशी आला, सगळं आटोपल्यावर. शेवटचं तोंडसुद्धा पाहू दिलं नाही मेल्याने! तेव्हापासून त्याची नुसती पाठ दिसली तरी याच्या पोटात आग पडायची.

"झोपेत दात करकरा वाजतात तुमचे," बायको एकदा वैतागून म्हणाली होती. "काहीतरी करा, नाहीतर मी आपली बाहेर झोपते."

तिनेच त्याला एका निवृत्त शिक्षिकेकडे ध्यानाला धाडलं. बाईंचं सांगणं सरळ होतं. मनात जे उठेल ते आधी बघायचं. कुठे टोचतंय, का टोचतंय, त्यात आपलं किती. सगळं खरंखरं बघून झालं की मग मनाला म्हणायचं, सोड.

आता बघण्याची कटकट कोण करणार? गड्याने शेवटचा शब्द तेवढा उचलला. रोजच्या वापरातलाच होता! राग आला, सोड. भाऊ दिसला, सोड. दात वाजायचे थांबले, बायको खूश. बाईंनी मात्र टोकलं होतं, "न बघता सोडताय कसलं? झाकताय तुम्ही." त्याने हसून मान डोलावली होती.

आणि आज भावाची तीच पाठ समोर होती, तुळईच्या बरोब्बर खाली. 'बाजूला हो' म्हणून ओरडायचं, बस्स. पण पोटातली आग घशाशी आली आणि तोंडून सवयीने शब्द निघाला.

"सोड."

अंगठा वॉकीटॉकीच्या बटणावरच होता.

वर मोटर घरघरली. तुळई खाली येऊ लागली.

"थांब! थांब! अरे थांब!"

धाकट्याने मान वर केली आणि बाजूला अंग झोकून दिलं. हेल्मेट डोक्यावरून उडालं, तुळईखाली सापडलं आणि चपटं झालं. मग तुळई थांबली.

मुकादम धावत आला तो वरच्याला शिव्या घालतच. "कुणी सांगितलं रे तुला सोडायला?"

"खालूनच आवाज आला, साहेब! आईशप्पथ!" वरचा शिडी उतरता उतरता रडकुंडीला आला होता.

"खोटं बोलू नकोस! या सिग्नलवाल्याच्या हातून आजवर कधी चूक झाली नाही."

धाकटा अजून मातीतच बसला होता. तो म्हणाला, "दादा असं म्हणणारच नाही. माणूस खाली असताना तर नाहीच."

दादा! किती दिवसांनी ऐकला त्याने तो शब्द. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

"मीच म्हणालो," तो म्हणाला.

मुकादम गडबडला. "म्हणजे, चुकून ना?"

चुकून. नुसतं हो म्हटलं की सुटका होती. पण आज पहिल्यांदाच त्याने आत डोळे वळवले, आणि तिथे जे दिसलं ते झाकलं नाही.

"शब्द चुकून गेला," तो भावाकडे बघत म्हणाला. "पण तू खाली आहेस हे मला दिसत होतं. 'बाजूला हो' म्हणायला जीभ वळली नाही. क्षणभरच, पण नाही वळली."

मुकादमाने हात पुढे केला. त्याने वॉकीटॉकी त्या हातावर ठेवला. आता सिग्नलचं काम पुन्हा मिळणार नव्हतं, हे त्याला कळत होतं.

माणसं पांगली. धाकटा उठला नाही. तोंड फिरवून म्हणाला, "शेवटी आई तुझंच नाव घेत होती. सेवा मी करायची आणि नाव तुझं! डोकं फिरलं माझं. म्हणून नाही कळवलं."

सिग्नलवाल्याच्या हाताची मूठ वळली. ती त्याने तशीच वळू दिली, तिच्याकडे बघत राहिला. मग मातीत भावाशेजारी बसला.

"काय काय म्हणत होती?" त्याने विचारलं. "सगळं सांग. काही गाळू नकोस."