एक्केचाळिसावं कार्ड

"मगरीसारखं उघड. अहं, ही तर पाल झाली. मगर दाखव."

शाळेतल्या दातांच्या शिबिरात खुर्चीवरच्या पोरीने जबडा वासला. हवेची नळी सांभाळणाऱ्या, म्हणून नळीमावशी म्हटल्या जाणाऱ्या मावशींनी कापसाचा आडोसा करून तिच्या नव्या दाढा हवेच्या फवाऱ्याने सुकवल्या. डॉक्टरांनी खाचांत पांढरा लेप सोडला, निळ्या दिव्याने कडक केला.

"झालं. आता कीड दारातूनच परत जाईल," मावशी म्हणाल्या.

पोरीचा बाप खोळंबला होता. बदली झालेली, सामानाचा ट्रक फाटकाशी उभा. पोरगी उघड्या तोंडानेच हात हलवत गेली. जेवणाच्या सुट्टीआधीची ती शेवटची.

मावशींचंही हे शेवटचंच शिबिर. बत्तीस वर्षं त्यांचं काम एकच: दाढ कोरडी ठेवणं. ओल्या दाढेवर लेप धरत नाही. कडेने सुटतो आणि त्याखाली शिरलेलं अन्न ब्रशलाही सापडत नाही. पण मावशींपुढे ओल टिकायची नाही. एका रडक्या पोराची दाढ सुकवताना म्हणे त्याचे डोळेही सुकले. पुढे तीनदा नापास झालं, तरी ते रडलं नाही.

कोपऱ्यात हवेचा कॉम्प्रेसर धडधडत होता. आज आवाज घोगरा होता, पोटात काहीतरी दडवल्यासारखा.

मावशींनी सवयीने चष्म्यावर फवारा मारला. काचेवर बारीक थेंब उमटले. पुसून पुन्हा मारला. पुन्हा थेंब.

गुडघे धरत त्या वाकल्या आणि कॉम्प्रेसरच्या टाकीखालची तोटी उघडली. तांब्याभर गंजकं पाणी आलं. हवेतली ओल टाकीत साचते; रोज सकाळी ते पाणी काढून टाकायचं काम त्यांचंच. आज मुख्याध्यापिकांनी दारातच निरोपाचा गुच्छ हातात दिला, चार गोड शब्द बोलल्या, आणि तोटी राहून गेली.

"डॉक्टर, सकाळपासून हवा ओली होती. चूक माझी."

"किती झाली?"

"एक्केचाळीस."

डॉक्टरांनी दार लोटून घेतलं. "मावशी, लेप दिसतोय ना? सुटला तर सुटेल सहा महिन्यांनी. मुलं गोड खातात, म्हणायचं. उद्या तुमचा सत्कार आहे. कशाला तोंडाला काळं फासून घेता?"

"आणि आत किडत राहील त्याचं?"

"ते कुणाला दिसतंय?"

"तेच म्हणते मी."

मावशी उठून वर्गात गेल्या. "सकाळी आलेल्यांनी परत या. माझं चुकलंय."

वर्गात उभ्या असलेल्या मुख्याध्यापिकांचं हसू ओठांवरच वाळलं. "पालकांना काय सांगू मी?"

"माझं नाव सांगा."

पहिल्या पोराच्या दाढेला मावशींनी टोकदार सळई लावली. लेप नखाच्या तुकड्यासारखा हातमोज्यावर येऊन पडला. डॉक्टर त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी दिवा उचलला.

उन्हं कलेपर्यंत चाळीस झाली. टेबलावरचा गुच्छ कधी कुणी नेला, कळलं नाही. सत्काराचं नाव कुणी काढलं नाही.

मुलांच्या नाव-नंबरांच्या कार्डांतलं एकच मावशींच्या हातात उरलं, मगरवाल्या पोरीचं. त्यांनी त्यावरचा नंबर लावला.

"हॅलो, शाळेतून बोलतेय. पोरीच्या दाढा पुन्हा…"

"हो हो," ट्रकच्या घरघरीवरून बाप ओरडला, "दाखवल्या तिने. छान झाल्यात. आभारी आहे हं."

फोन बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा. मग तो लागेचना.

मावशी कॉम्प्रेसरशेजारी जमिनीवर बसल्या, तोटी उघडून. टाकी कधीच रिकामी झाली होती, तरी त्या हात खाली धरून होत्या. तिकडे रस्त्यावर ट्रकच्या खिडकीतून ती पोरगी येणाऱ्याजाणाऱ्याला मगर दाखवत असणार.