खंडोबाच्या घोड्याची भरपाई

त्या साली कापसाने सगळ्या वऱ्हाडाला वेड लावलं होतं. अकोल्याहून अमरावतीला यायला रिकामी गाडी मिळेना. पार्बताबाई माळणीला अकोल्याच्या मावशीने मरताना खंडोबाचा सागवानी घोडा दिला होता, हातभर उंच, चार पिढ्यांचा. शेवटी तिने तो कापसाच्याच गाडीवर चढवला आणि एका पेढीवर वाटेच्या जोखमीचा विमा उतरवला. मूर्तिजापूरच्या पुढे गाडी नाल्यात कलंडली. घोड्याचा पुढचा पाय गुडघ्यातून निखळला, एक कान उडाला.

पेढीच्या अमरावतीच्या दुकानात केशवराव मुनीम बसत. त्यांनी घोडा उलटासुलटा केला.

"जुना हाय. जुन्याची भरपाई कमी."

"जुना हाय म्हणूनच तर मोलाचा, मुनीमजी!"

"मंग मोल ठरवणार कोन? जाणता कारागीर घेऊन ये. मोडलं ते गाडीवरच मोडलं, हे त्यानं सांगावं. अन् तोवर दुरुस्त करू नको."

कारागीर आणायचा, पण दुरुस्ती करायची नाही! पार्बताबाईचं डोकं गरगरलं. घोडा लुगड्यात गुंडाळून ती गोवर्धन सुताराकडे गेली.

गोवर्धन हसला. "नवा पाय बसवतो, वरून रंग देतो. वळखूही येनार नाही. मुनिमाले काय सांगू, तेवढं तू सांग."

गोड माणूस. तरी तिचा पाय तिथून आपसूक निघाला.

मग नत्थुजी. देवळांच्या पालख्या दुरुस्त करणारा म्हातारा. त्याने मोडलेल्या जागेचा वास घेतला, नखाने खरवडलं.

"कान आता तुटला. पाय पयलेच तुटला होता, माय. हा पाहा, चिकटवलेला जुना सरस."

"काहीतरीच! मी लहानपणापासून पाहून राहिली. धडधाकट होता."

"जोडनारा चांगला होता म्हनून."

खोटं बोलणारा भरपाई मिळवून देणार, खरं बोलणारा घालवणार. यातला कुशल कोण? दोन दिवस तिला जेवण गोड लागेना. पण जे तिला कधी दिसलं नव्हतं ते नत्थुजीला दिसलं होतं. घोडा दुसऱ्या कुणाच्या हातात देववेना.

ती नत्थुजीलाच पेढीवर घेऊन गेली. जुन्या सरसाचं ऐकताच मुनीम खूश झाले. "मंग पायाचं आमच्याकडे काही नाही!"

"काहून नाही?" नत्थुजी म्हणाला. "जोडलेल्या पायावर त्यानं वर्षानुवर्षं देव वागवला. नाल्यात पडला तवा निखळला. तुमी घोड्याचा विमा घेतला, का त्याच्या जनमाचा दाखला?"

मुनिमांनी विम्याची चिठ्ठी दोनदा वाचली. चिठ्ठीत नुसतं 'घोडा, उभा' असं लिहिलं होतं. त्यांनी डोकं खाजवलं, आणि कानाची पूर्ण, पायाची अर्धी भरपाई दिली. अर्धी का, हे ना त्यांना सांगता आलं, ना पार्बताबाईला कळलं. आपण जिंकलो की हरलो, याचा विचार करत ती घरी आली.

नत्थुजीने पाय-कान पुन्हा सरसाने जोडून दिले. चंपाषष्ठीच्या सकाळी तिने घोड्यावर देवाचा टाक ठेवला. एक हात खाली आधाराला धरला. मग तो हळूच काढून घेतला. घोडा उभा राहिला.