हेडमास्तरांचा मुलगा

भित्रा माणूस खोटं बोलतो ते हुशारीनं नव्हे, जिभेच्या सवयीनं. हे मी स्वतःवरूनच सांगतोय, त्यामुळे कुणाला राग यायचं कारण नाही.

साल एकोणनव्वद. जळगावला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो मी, रुपचंद जीवराम भंगाळे, राहणार रावेर. त्या वर्षी कॉलेजात नोकरी द्यायला एकच कंपनी येणार होती, पुण्याची, पंप बनवणारी. जागा चार आणि आम्ही पोरं साठ! माझा थोरला भाऊ कौतिक दहावीतून उठून केळीच्या बागेत राबत होता, कारण "दोघं शिकले तं बागात कोन जाईन?" असं नाना, म्हणजे आमचे वडील, म्हणाले होते. मी रिकाम्या हातानं घरी गेलो असतो तर कौतिकदादा एका शब्दानं बोलला नसता. त्याच्या त्या न बोलण्याचीच मला भीती होती.

तयारी कसली, नुसती घोकंपट्टी! होस्टेलवर एक जुनी वही फिरायची. चार वर्षांपूर्वी धुळ्याचा कुणी मुलगा त्या वहीतलं इंग्रजी पाठ करून नोकरीला लागला होता, तेव्हापासून ती वही म्हणजे आमची पोथी. 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'चं उत्तर त्यात अर्धं पान होतं. ते मी महिनाभर अंघोळीच्या रांगेतसुद्धा पुटपुटायचो. आता त्या धुळेकराचे वडील होते हेडमास्तर. माझा रूम पार्टनर हिलाल, पिंपळनेरचा, त्यानं शेवटच्या आठवड्यात माझं पाठांतर ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अरे येड्या, तुना बाप हेडमास्तर शे का?"

मग मी पेन्सिलीनं 'हेडमास्टर' खोडून 'फार्मर' लिहिलं. वहीतलं खोडता आलं. डोक्यातलं कोण खोडणार?

मुलाखतीच्या दिवशी सकाळीच नाना आले. रावेरच्या शिंप्यानं माझा नवा शर्ट वेळेवर दिला नव्हता, तो कागदात गुंडाळून नाना केळीच्या ट्रकमध्ये बसून जळगावला आले होते. केळीचा चीक एकदा कपड्याला लागला की डाग काळा पडतो आणि कपडा फाटेपर्यंत निघत नाही. म्हणून आमच्याकडे बागेतले कपडे वेगळे असतात. नाना घाईत त्याच कपड्यांवर निघाले होते. मला लाज वाटली. वाटली, ती वाटली.

"नाना, तुम्ही तिकडं निंबाखाली बसा. इकडं वऱ्हांड्यात नका येऊ."

"बसतो ना. तू घाबरू नको."

घाबरू नको म्हणे! पहाटेपासून मी पाण्याच्या माठापाशीच घुटमळत होतो.

माझ्या आधी हिलाल आत गेला आणि पाच मिनिटांत बाहेर आला. वहीतल्या उत्तरात छंद बुद्धिबळ होता, तो त्यानं तसाच म्हटला होता. "पटवर घरं कितला शेतस, आसं इचारं त्या सायेबनी. मी सांगं चाळीस! तो म्हने, इंग्रजी कच्चं चालेल, खोटं बोलणारा चालत नाही. मनं नाव तठेच खोडं."

आणि लगेच शिपायानं माझं नाव पुकारलं.

आत तिघं बसले होते. मधले जाड चष्म्याचे साहेब म्हणाले, "टेल मी अबाउट युवरसेल्फ." माझं तोंड आपोआप सुरू झालं. बुद्धिबळ तेवढं आठवणीनं गाळलं. पण "माय फादर इज अ हेडमास्टर" हे वाक्य सरळ बाहेर पडलं. माझं मलाच ऐकू आलं. त्याच क्षणी 'सॉरी सर' म्हणायला हवं होतं. पण साहेबांच्या हातातला पेन दिसत होता. मी पुढचं वाक्य म्हटलं. पुढं पंपावर प्रश्न आले, ते मात्र मला सगळे आले. विहिरीवरची मोटर दर उन्हाळ्यात मी आणि कौतिकदादाच खोलायचो.

यादी चारला लागणार होती. मी निंबाखाली नानांजवळ येऊन बसलो. आईनं दिलेली कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकर नानांनी पुढं केली. ती मी नुसतीच चिवडत बसलो. आत काय झालं ते मी त्यांना सांगितलं नाही. कोणत्या तोंडानं सांगणार?

तेवढ्यात साहेब पाय मोकळे करायला बाहेर आले आणि थेट आमच्याकडेच वळले.

"काय हो, हेडमास्तरांचे चिरंजीव!" साहेब हसून म्हणाले. "वडील हेडमास्तर आणि इंग्रजीची ही दशा? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच." मग त्यांची नजर नानांकडे गेली. "हे कोण?"

मी हातातल्या भाकरीकडं बघितलं. 'माझे वडील', दोनच शब्द. ते म्हटले की माझं नाव खोडलं जाणार, आणि कौतिकदादाची शाळा सुटली ती फुकटच. नानांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि उभे राहिले.

"मी यायच्या बागात कामाले हाये, साहेब. मास्तरायनं पोऱ्याचा शर्ट धाडला व्हता, तो घिऊन आलो."

साहेबांनी त्यांच्या सदऱ्यावरच्या डागांकडं बघून मान हलवली. "बरीच वर्षं आहात वाटतं?"

"याच्या जन्माच्या आंधीपासून."

"छान. हेडमास्तरांना नमस्कार सांगा."

"सांगतो ना, साहेब."

ते गेले. नाना खाली बसले, उरलेली भाकर फडक्यात बांधली आणि म्हणाले, "पानी पी." शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

चारला यादी लागली. चौघांत माझं नाव तिसरं. हिलालनं माझी पाठ थोपटली, बिचारा. मला आनंद झाला का, असं विचाराल तर मी एवढंच सांगेन की यादीतलं नाव मी दुसऱ्यांदा वाचलं नाही.

त्या संध्याकाळी मी नानांबरोबर रावेरला निघालो. बॅग उचलायला वाकलो, तर नानांनी ती आधीच खांद्यावर घेतली होती.

"नाना, द्या इकडं."

"साहेब वऱ्हांड्यात उभे हायेत," ते हळूच म्हणाले. "मालकाच्या पोरानं ओझं उचललं अन् गडी मोकळा चालला, असं कधी पाह्यलं का? चाल तू पुढं."

मी पुढं झालो. नाना दोन पावलं मागून चालत होते. फाटकाबाहेर आल्यावर मी पुन्हा हात पुढं केला.

"चाल रे बापा," नाना म्हणाले. "त्यायची गाडी याच रस्त्यानं येईन."

मी चालत राहिलो. एसटी स्टँड येईपर्यंत मागं वळून बघायची माझी छाती झाली नाही.